वहीत नसलेला ताप

उंदरांना एसी आणि माणसाला कूलर, हा न्याय प्रेमानंद गजभियेने सव्वीस वर्षं बिनतक्रार मान्य केला होता. मे महिन्यात नागपूरचा पारा शेहेचाळीसच्या घरात जायचा, डांबर चपलेला चिकटायला लागायचं, तरी संस्थेच्या मागच्या अंगाच्या प्राणीगृहात बारा महिने बावीस अंश. संस्था रोगांवर संशोधन करणारी. तिच्या प्रयोगांसाठी साडेतीनशे पांढरे उंदीर तिथे भुश्शात लोळत असायचे आणि त्यांची सरबराई प्रेमानंद करायचा. घरी, इंदोऱ्याला, त्याच्या खिडकीत एक जुना कूलर होता. त्यातली खस, म्हणजे वाळ्याची ताटी, तीन उन्हाळे बदललेली नव्हती, त्यामुळे तो वारा कमी आणि आवाज जास्त द्यायचा. एकट्या माणसाला गारवा लागतो तरी किती, असं प्रेमानंद म्हणायचा. ते ऐकायला घरात कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

वय अठ्ठावन्न. अंगकाठी बारीक, बोलणं हळू. मोठ्याने बोललं की उंदीर दचकतात, म्हणून इतक्या वर्षांत त्याचा आवाजच खाली बसला होता. बाजारात भाजीवालीला त्याला दोनदा सांगावं लागायचं. सकाळी आठला तो कोट आणि मास्क चढवून आत शिरायचा आणि आधी सगळ्या पिंजऱ्यांवरून एक नजर फिरवायचा. कोण खातंय, कोण कोपऱ्यात अंग फुगवून बसलंय. आजारी उंदीर त्याला डॉक्टरांच्या आधी कळायचा. मग पाण्याच्या बाटल्या, दाणा, भुस्सा, वजनं. उंदरांशी तो बोलायचाही. "काहून रे, पाणी नाही पेला काल?" असं काहीबाही. घरी कोणी नाही म्हणून गजभिये काका उंदरांशी बोलतात, असं संस्थेतल्या पोरापोरींना वाटायचं आणि त्यांना त्याची दया यायची. ते चूक होतं. बायको होती तेव्हाही तो बोलायचाच. फक्त तेव्हा उंदरांच्या गोष्टी संध्याकाळी तिला सांगायचा, आणि आता तिच्या गोष्टी सकाळी उंदरांना सांगायचा.

बायकोचं नाव विशाखा. करोनाच्या तीन वर्षं आधी ती गेली. मूलबाळ नव्हतं. दोघांचाच संसार होता, आणि दोघांतून एक गेलं की जे उरतं त्याला कोणी संसार म्हणत नाही. आपला हात जगन्नाथ म्हणत तो सकाळी वरण-भात लावायचा आणि संध्याकाळीही तोच खायचा. पौर्णिमेला शेजारची भावना खिरीची वाटी आणून द्यायची. ती दारातूनच द्यायची आणि तोही दारातूनच घ्यायचा.

विशाखाची एक वस्तू मात्र प्राणीगृहात होती. लोणच्याची काचेची बरणी. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका पिंजऱ्यात पाच उंदीर असतात. पाचही पांढरे, पाचही एकसारखे. कोण कोणता ते ओळखू यावं म्हणून त्यांच्या कानांना बारीक भोक पाडतात. डाव्या कानाला एक असलं तर तो पहिला, उजव्याला एक असलं तर दुसरा. जुन्या बस कंडक्टरकडे तिकिटाचा चिमटा असायचा, तसाच एक चिमटा त्यासाठी असतो. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथला सोनार प्रेमानंद. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती चिरचिर ऐकून तो घरी यायचा आणि पानावरून तसाच उठायचा. विशाखाने दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग झोपवून टोचा ना. माणसाले झोपवतेत, उंदराले झोपवाले काय जाते?" एवढं बोलून तिने आंब्याचं लोणचं दुसऱ्या भांड्यात काढलं, बरणी धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि त्याच्या पिशवीत घातली.

तेव्हापासून बरणीच्या तळाशी भुलेच्या औषधाचा बोळा, त्याच्यावर जाळी आणि जाळीवर पाच उंदीर. ऑपरेशनच्या वेळी माणसाला जे हुंगवतात त्याच जातीचं हे औषध. प्रयोगांच्या बाटल्यांत तळाशी उरायचं ते तो वापरायचा. श्वास बघायचा, झाकण सरकवायचं, पुन्हा लावायचं, एकेकाचा कान टोचून त्याला पुन्हा आत ठेवायचं. पाचांचं होईस्तोवर वीस-पंचवीस मिनिटं जायची. एकही उंदीर कधी दगावला नाही, आणि एकही कधी ओरडला नाही. ही गोष्ट त्याने कोणापासून लपवली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

संस्थेचे प्रमुख डॉक्टर देशकर यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक खोलीच्या भिंतीवर लावला होता: जे वहीत नाही, ते घडलंच नाही. प्रयोगात जे काही होईल ते वहीत लिहायचं आणि ज्याने पाहिलं त्याने खाली सही करायची. पण वहीत यायचा तो प्रयोग. भुस्सा बदलणं, बाटल्या धुणं, कान टोचणं ही प्रेमानंदची कामं, ती वहीत कशाला येतील? पोळ्या कोणी लाटल्या ते पंगतीत कोणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी सोनिका आली. धरमपेठेतली मुलगी, देशकरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी. बाकीचे विद्यार्थी उंदीर न्यायला यायचे आणि घेऊन जायचे. ही थांबायची, विचारायची. कोणता उंदीर कधी कसा वागतो ते प्रेमानंदकडून समजून घ्यायची. तिचा विषय असा होता: हुंगवायच्या भुलेने शरीराची रोगाशी झगडायची ताकद काही काळ मंदावते का, आणि तेवढ्या वेळात एखादा विषाणू मेंदूपर्यंत पोचतो का. तिने प्रयोगासाठी घेतलेला विषाणू माणसाला फारसं काही करत नाही. पण उंदराच्या नाकात त्याचा थेंब सोडला तर तो वासाच्या शिरेवरून चढत मेंदूत जाऊ शकतो. एरवी शरीराचे पहारेकरी त्याला बहुतेक वेळा नाकातच अडवतात. भुलेमुळे उंदराबरोबर पहारेकरीही डुलक्या घेत असतील, तर? सोनिकाने हे यंदा मार्चमधल्या एका गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांना समजावून सांगितलं, तेव्हा प्रेमानंद उंदरांची यादी द्यायला दाराशी उभा होता. यादी त्याच्या हातातच राहिली.

त्याला विशाखाच्या ऑपरेशनची सकाळ आठवली. तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. तारीख ठरली होती. उंदरांना बघायला दुसरं माणूस नव्हतं, त्यामुळे चार दिवसांची सुट्टी त्याने मोठ्या मिनतवारीने मिळवली होती. निघायच्या आधी विशाखा कपाळाला हात लावून म्हणाली, "अंग गरम वाटून राहिलं मले. पुढच्या महिन्यात करू ना."

प्रेमानंदने तिच्या कपाळावर तळहात ठेवला. ताप होता. फार नव्हता, पण होता. तो म्हणाला, "डॉक्टरले सांगू नको वं. सांगितलं तर वापस पाठवतीन. मले पुन्हा सुट्टी नाही भेटत."

विशाखा काही नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी तिने ऐकलं. तापाची एक गोळी घेतली आणि रिक्षात बसली. दवाखान्यात संमतीच्या कागदावर प्रेमानंदने सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, पाचव्या दिवशी तो उंदरांकडे गेला. आठव्या दिवशी तिला फणफणून ताप चढला, डोकं दुखायला लागलं, आणि संध्याकाळी तिने त्याला विचारलं की तुम्ही कोण. मोठ्या दवाखान्यात सांगितलं की मेंदूज्वर आहे, विषाणूचा. पावसाळ्याचे दिवस होते, तसे पेशंट येतच होते. अतिदक्षता विभागातल्या एका तरुण डॉक्टरने प्रेमानंदला बाजूला घेऊन विचारलं, ऑपरेशनच्या आधी काही त्रास होता का, ताप वगैरे. प्रेमानंद म्हणाला, नाही. भीतीने म्हणाला, आणि एकदा म्हटलेलं मागे घेता आलं नाही. बाराव्या दिवशी विशाखा गेली. तिच्या कागदांची फाईल अजून त्याच्या कपाटात आहे. त्या सकाळच्या तापाचा तीत कुठेही उल्लेख नाही. देशकरांच्या नियमाने पाहिलं तर तो ताप कधी आलाच नव्हता. तो फक्त प्रेमानंदच्या तळहाताला माहीत होता.

त्या गुरुवारनंतर त्याला दुसरं काही सुचेना. आठ वर्षं त्याने स्वतःला समजावलं होतं की आलं ते पावसाळ्याने आणलं, तिचं आयुष्य तेवढंच होतं. आता ही पोरगी म्हणत होती की भूल आणि विषाणू एका वेळी अंगात आले तर मेंदूची वाट सोपी होत असेल. मग त्या दोघांची गाठ आपणच घालून दिली का? एका सुट्टीसाठी? हे विचारायला त्याच्याकडे माणूस नव्हतं. सोनिकाच्या प्रयोगाचं उत्तर येईल तेच आपलं उत्तर, असं त्याने मनाशी धरलं आणि तो तिच्याहून अधीर झाला.

एप्रिलमध्ये प्रयोग झाला. चाळीस उंदीर. वीस जणांना अर्धा तास भूल देऊन मग नाकात विषाणूचा थेंब; उरलेल्या वीस जणांना भूल अजिबात नाही, जागेपणीच थेंब. जाग्यांना प्रेमानंदने हातात धरायचं आणि सोनिकाने थेंब सोडायचा. त्याच दिवशी सकाळी गट पाडायचे होते, म्हणून प्रेमानंदने पहाटेच येऊन, तिच्या येण्याआधी, चाळीसही उंदरांचे कान टोचून ठेवले. नेहमीसारखे, बरणीत झोपवून. थेंब देताना ते जागे असले म्हणजे झालं, असं तो धरून होता; यात काही चुकतंय हे त्याच्या गावीही नव्हतं. सव्वीस वर्षांची सवय होती आणि बायकोने सांगितलेली होती.

दोन आठवड्यांत निकाल लागला. भूल दिलेल्या वीसपैकी बाराजण मेंदूच्या आजाराने पडले, जाग्या वीसपैकी अकरा. म्हणजे फरक नाही. सोनिकाचा चेहरा उतरला. देशकर म्हणाले, निकाल तो निकाल, भुलेने काही होत नाही असं लिहा.

प्रेमानंदने ते ऐकलं आणि बाटल्या धुवायच्या खोलीत जाऊन तो बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. भुलेने काही होत नाही. त्या रविवारी त्याने बाजारातून खस आणली आणि कूलरला बसवली. गार वाऱ्यात दुपारी असा झोपला की जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. बुद्धपौर्णिमेला त्याने स्वतः खीर केली, थोडी खाली लागली तरी केली, आणि वाटी घेऊन भावनाच्या दाराशी गेला. भावना चकित होऊन म्हणाली की आज काय विशेष, भाऊजी. तो काही नाही म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा विशाखाच्या फोटोकडे त्याने सरळ पाहिलं.

सोनिकाचं मात्र समाधान होत नव्हतं. मोठ्या प्रयोगाआधी तिने दहा जाग्या उंदरांवर चाचणी केली होती. त्यांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवल्यामुळे कान टोचायची गरज पडली नव्हती. त्या दहांतले दोनच आजारी पडले होते. मग आता वीसात अकरा कसे? देशकरांनी वही चाळली आणि सांगितलं की तुझाच हात चुकला असणार, जाग्यांना थेंब जास्त गेला असणार. आणि हात असा असेल तर आधीच्या कामावर तरी कसा विश्वास ठेवायचा. दोन वर्षांचं काम एका वाक्यात गेलं. सोनिका प्राणीगृहाच्या पायरीवर भर उन्हात बसून रडत होती. प्रेमानंदने तिला आत बोलावलं, पाणी दिलं.

पाणी पिऊन तिने वही उघडली आणि विचारलं, "काका, आठवून सांगा. थेंब द्यायच्या आधी या उंदरांना काही झालं होतं का?"

तिच्या मागच्या फळीवर बरणी होती. प्रेमानंदची नजर तिच्यावर गेली आणि त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. जागे उंदीर जागे नव्हतेच. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने त्यांना झोपवलं होतं. दोन्ही गटांना भूल मिळाली होती, मग फरक दिसणार कुठून? आणि हेही कळलं की आपली दुपारची झोप, ती खीर, ते फोटोकडे पाहणं, सगळं या बरणीवर उभं आहे.

"नाही," तो म्हणाला.

तोच प्रश्न होता आणि तेच उत्तर होतं. तीन दिवस त्याने झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून काढले. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, पण इथे कर होता, आणि डर दुहेरी होता. सांगितलं तर नोकरीच्या शेवटाला बट्टा लागणार. पण खरी भीती ती नव्हती. सांगितलं तर प्रयोग पुन्हा होणार, आणि मग उत्तर काय येईल ते कोणी सांगावं? न सांगितलं तर भुलेने काही होत नाही हे छापून येईल, जगात खरं ठरेल, आणि त्याला मरेपर्यंत पुरेल. किंमत एवढीच की एका पोरीचा हात वाईट ठरेल.

चौथ्या दिवशी तो दाणा घेऊन आत आला तर सोनिका टेबलाशी बसली होती. तिने एका वाटीत साधं पाणी घेतलं होतं आणि थेंब सोडायच्या नळीने ती आपल्याच तळहातावर एकेक थेंब सोडत होती. थेंब सोडायची, तो केवढा पडला ते बघायची, हात पुसायची, पुन्हा सोडायची. आपला हात कापतो का ते ती तपासत होती. हात कापत नव्हता. प्रेमानंद कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने फळीवरून बरणी उचलली आणि तिच्यासमोर ठेवली.

"मॅडम, तुमचा हात नाही चुकला. मी त्या सगळ्याइले झोपवलं होतं. कान टोचाच्या वक्ती, या बरणीत."

सोनिकाने नळी खाली ठेवली. "जाग्या गटालाही?"

"त्याइलेही."

"किती वेळ?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

ती रागावेल असं त्याला वाटलं होतं, रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती बरणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं, काका. तेव्हा नाही का म्हणालात?"

"त्या प्रश्नाले नाही म्हणाची सवय आहे मले," प्रेमानंद म्हणाला. तिला ते कळलं नाही आणि त्याने उलगडून सांगितलं नाही.

देशकरांनी त्याला समोर उभं करून पाऊण तास सुनावलं. मेमो दिला. परवानगी नसताना भूल वापरली, प्रयोग बिघडवला, इतकी वर्षं आणखी कोणकोणते प्रयोग बिघडवले असतील कोण जाणे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून प्रेमानंद मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी सोनिका म्हणाली की सर, काकांनी सांगितलं नाही हे खरं, पण सव्वीस वर्षांत आपण तरी कुठे विचारलं. देशकरांनी बरणी आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि प्रयोग पुन्हा करायला सांगितलं.

या खेपेला कान टोचायचेच नाहीत, असं सोनिकाने ठरवलं. तिने पर्समधून काळं मार्कर पेन काढलं आणि उंदराच्या शेपटीवर रेघ ओढून दाखवली. एक रेघ पहिला, दोन रेघा दुसरा. शाई पुसट होते, म्हणून दर दोन दिवसांनी पुन्हा ओढायची, एवढंच. एका पेनाने भागत होतं आणि आपण जन्मभर बरणी घेऊन बसलो, म्हणून प्रेमानंद ओशाळला. पण विशाखाने पेन दिलं नव्हतं, बरणी दिली होती.

पुन्हा चाळीस उंदीर. वीस झोपलेले, वीस खरोखर जागे. जागा उंदीर मुठीत धरला की त्याचं काळीज बोटांना लागतं. एकेकाला धरताना प्रेमानंद नेहमीसारखा बोलला नाही. थेंब देऊन झाले, उंदीर पिंजऱ्यांत गेले, आणि त्याचे ते पंधरा दिवस सुरू झाले. सकाळी आठच्या जागी तो सातला यायचा. कोट चढवायचा आणि जाग्यांच्या पिंजऱ्यांपाशी जाऊन उभा राहायचा. अंग फुगवून कोणी बसलंय का, चालताना कोणी तोल जाऊन कलंडतंय का. ते आजारी पडले तर दोन्ही गट सारखे ठरणार होते आणि तो सुटणार होता. ज्या जिवांना त्याने आयुष्यभर जपलं, ते आजारी पडायची तो वाट पाहत होता. हे त्याचं त्यालाच एका सकाळी कळलं आणि स्वतःची शिसारी आली. त्याने हळूच म्हटलं, "खा रे बाप्पा, खाऊन घ्या." ते खात होते.

पंधराव्या दिवशी भूल दिलेल्या वीसपैकी तेरा गेले होते. जाग्या वीसपैकी चार. सोनिकाच्या आधी त्याला माहीत होतं.

दुपारी ती संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली. देशकरांनी तिची पाठ थोपटली होती, आणखी मोठ्या प्रयोगाला परवानगी दिली होती. ती खूश होती आणि खूश असण्याचा तिला हक्क होता. प्रेमानंदने बर्फीचा तुकडा घेतला, पण तो हातातच धरून ठेवला. मग विचारलं, "मॅडम, माणसाचंही असंच असते काय?"

हा प्रश्न तिला बैठकीतही कोणीतरी विचारला होता आणि उत्तर तिच्याजवळ तयार होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, काका. चाळीस उंदरांवरून काहीच ठरत नाही. इथे विषाणू आम्ही मुद्दाम नाकात सोडला. रोज हजारो लोकांना भूल देतात आणि ते चालत घरी जातात. आत्ता एवढंच म्हणता येतं की असं असू शकेल, अजून पाहायला हवं.

"माही बायको मेंदूज्वरानं गेली," प्रेमानंद म्हणाला. "ऑपरेशनच्या आठव्या दिवशी चढला. ऑपरेशनच्या सकाळीच तिले ताप होता. मीच म्हणलं, सांगू नको. मले सुट्टी नव्हती भेटत. मंग डॉक्टरनं मले विचारलं, आधी ताप होता काय, तर मी नाही म्हणलं."

आठ वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं. सोनिकाने बर्फीच्या डब्याचं झाकण लावलं. एसीचा आवाज तेवढा येत होता. उंदीर भुस्सा उकरत होते.

"त्यामुळेच झालं असं मी सांगू शकत नाही, काका," ती अखेर म्हणाली. "तो ताप साधा असेल, हा आजार नंतर आला असेल. कोणीच सांगू शकणार नाही. पण त्यामुळे नाहीच झालं, असंही मी सांगू शकत नाही."

प्रेमानंदने मान हलवली. तिने खोटी समजूत घातली असती तर त्याने तीही घेतली असती, इतका तो थकला होता. पण तिने घातली नाही आणि त्याबद्दल त्याला तिचा राग आला नाही. उत्तर मिळणार नव्हतं. इतके दिवस तो उत्तराची वाट बघत होता आणि आता त्याला दिसलं की त्याला हवं होतं ते निराळंच होतं.

"मॅडम, तुमच्या वहीत लिहिता काय?" तो म्हणाला. "कामाचं नाही ते तुमच्या. पण कुठंच नाही लिहिलेलं."

सोनिकाने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग वहीचं अगदी शेवटचं कोरं पान काढलं आणि सवयीने आधी तारीख विचारली. त्याने सांगितली, महिना, वार, सगळं. तिने लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं: विशाखा प्रेमानंद गजभिये. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी अंगात ताप होता.

"आणखी एक," प्रेमानंद म्हणाला. "नवऱ्याले माहीत होतं."

सोनिकाचं पेन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पिंजऱ्यांकडे बघत होता. तिने तेही लिहिलं, त्याने म्हटलं तसंच, एक अक्षर न बदलता. मग वही उघडीच ठेवून त्याच्याकडे सरकवली, कारण ज्याने पाहिलं त्याने खाली सही करायची, असा तिथला नियम होता. प्रेमानंदने बर्फी टेबलावर ठेवली, तळहात कोटाला पुसला आणि सही केली.